जुना होम मूव्ही प्रोजेक्टर मिळालाय? प्लग लावायची घाई नको

जुना प्रोजेक्टर हातात आला की पहिला मोह होतो तो चालू करून बघायचा, आणि नेमकं तेव्हाच मशीनची वाट लागते. वर्षानुवर्षं बंद असलेल्या मशीनमधलं ग्रीस सुकून घट्ट झालेलं असतं, त्यात मोटरला जोर लावायला लागला तर गिअर तरी तुटतो नाहीतर मोटर तरी जळते.

आधी मशीन ओळखा. कंपनीची पाटी बहुतेक वेळा तळाला किंवा मागे असते, तिचा फोटो काढा आणि व्होल्टेज नीट वाचा, ११० व्होल्टचं मशीन थेट २३० वर लावलं तर संपलंच. मग ते कुठली फिल्म चालवतं ते बघा. पाथे या फ्रेंच कंपनीची ९.५ मिमी १९२२ ची, तिची भोकं (ज्यात दाते अडकून फिल्म पुढे सरकते ती) पट्टीच्या मधोमध, दोन फ्रेमच्या मध्ये. कोडॅकची १६ मिमी १९२३ ची, ती रुंदीवरूनच कळते. खरा गोंधळ १९३२ ची साधी ८ मिमी आणि १९६५ ची सुपर ८ यांच्यात होतो, कारण रुंदी सारखीच. साध्या ८ चं भोक मोठं असतं आणि दोन फ्रेमच्या सीमेवर येतं, सुपर ८ चं बारीक आणि फ्रेमच्या मध्यावर. रीळ बघूनही कळतं, सुपर ८ च्या रिळाचं मधलं भोक बरंच मोठं असतं. काही मशीन दोन्ही चालवतात, त्यांना बदलायचा खटका असतो.

आता कव्हर उघडा, प्लग काढलेलाच ठेवून. हाताने फिरवायचा नॉब असेल तर हळूच फिरवा, अडलं तर जबरदस्ती नको. जुनं ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, गिअरला नवीन ग्रीस आणि बुशिंगला, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या नळीला, मशीन ऑइलचा एखादाच थेंब, बेल्टवर तेल अजिबात जाऊ देऊ नका. जुना बेल्ट बऱ्याचदा वितळून डांबरासारखा चिकट झालेला असतो, तो सगळा खरवडून काढायला वेळ लागतो पण ते करावंच लागतं. नवीन बेल्ट फार ताठ घेऊ नका, मोटरच्या बेअरिंगवर ताण येतो.

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ गेटला द्यावा. फिल्म जिथून लेन्ससमोर सरकते तिथे कडेला तपकिरी, कडक खपल्या साचतात, नखाला लागतील एवढ्या, आणि एवढीशी खपलीसुद्धा अख्ख्या रिळावर उभी रेघ ओढत जाते. अल्कोहोलने मऊ करा आणि लाकडी टूथपिकने काढा, स्क्रूड्रायव्हर किंवा ब्लेड तिथे लावूच नका.

दिवा बदलायचा असेल तर व्होल्ट, वॅट आणि बेस (दिव्याचा खाचेत बसणारा भाग) तिन्ही जुळले पाहिजेत, आणि हॅलोजनच्या काचेला उघडं बोट लावू नका. मग दिवा बंद ठेवून फक्त मोटर थोडा वेळ चालवा, पंखा फिरतोय ना, जळका वास येत नाही ना ते बघा, पंखा फिरत नसेल तर दिवा लावायचाच नाही.

घरच्या आठवणींची फिल्म लगेच लावू नका, आधी टाकाऊ तुकडा चालवा. गेटच्या वर आणि खाली फिल्मचा सैल लूप राहिला पाहिजे, तो गेला की चित्र उड्या मारतं. तुकडा बाहेर आला की उजेडात तिरका धरून भिंगातून बघा, बारीक रेघ दिसली तर परत गेट साफ करा. आणि ज्या रिळाला व्हिनेगरसारखा वास येतोय, जे आकसलंय, ते मशीनमध्ये घालूच नका, सरळ स्कॅनिंगवाल्याकडे द्या.