थ्रस्टर बिघडल्याचा मेल येण्याआधी

उपग्रह चालवणाऱ्या कंपनीचा, म्हणजे ऑपरेटरचा, मेल दोन-तीन ओळींचा असतो. उपग्रहाच्या प्रोपल्शनमध्ये (त्याला ढकलणाऱ्या इंजिनांच्या आणि थ्रस्टर नावाच्या छोट्या इंजिनांच्या यंत्रणेत) बिघाड आढळला आहे, सेवा सध्या सुरळीत आहे, पुढची माहिती कळवू. व्हीसॅटच्या (छोट्या डिशवरून उपग्रहामार्फत चालणाऱ्या नेटवर्कच्या) हबवर, म्हणजे मुख्य केंद्रावर, माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि असा मेल वाचताना मनात पहिल्यांदा येतं ते एकच: आपल्या हातात दिवस किती? मेल आल्यावर याचं उत्तर शोधायला बसलं तर उशीर झालेला असतो. म्हणून बँकेच्या शाखा, एटीएम, पेट्रोल पंप, चॅनेलचं अपलिंक (उपग्रहाकडे सिग्नल पाठवणं) असं काहीही ज्यांचं उपग्रहावरून चालतं, त्यांनी काय काय आधीच तयार ठेवावं ते इथे सलग लिहितो.

आधी बिघाडाची जात ओळखायला शिका, कारण तयारी दोन वेगळ्या प्रकारांची करायची आहे. इंटेलसॅट ३३ई हा बोइंगने बांधलेला उपग्रह ऑगस्ट २०१६ मध्ये अवकाशात सोडला गेला. कक्षा उंचावण्याचं मुख्य इंजिन नीट चालेना, तेव्हा लहान थ्रस्टर वापरून त्याला हळूहळू वर नेलं. सेवा तीनेक महिने लांबली आणि जानेवारी २०१७ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी तो इंधन अपेक्षेपेक्षा जास्त खातोय असं दिसलं आणि त्याच्या आयुष्यातून साडेतीन वर्षं वजा झाली. तरी ग्राहकांचं काम चालू राहिलं. हा संथ बिघाड. त्याच्याच घराण्यातल्या २९ई मध्ये ७ एप्रिल २०१९ ला प्रोपल्शनला इजा होऊन इंधन गळायला लागलं. सावरण्याचे प्रयत्न चालू असतानाच दुसरा बिघाड झाला, संपर्क तुटला आणि १८ एप्रिलला कंपनीने उपग्रह गेल्याचं जाहीर केलं. वय जेमतेम सव्वातीन वर्षं. आणि ज्याने आठ वर्षं काढली तो ३३ईसुद्धा १९ ऑक्टोबर २०२४ ला ६० अंश पूर्वेच्या जागेवर फुटला. त्याचा विमाही नव्हता. तेव्हा एक यादी महिन्यांच्या हिशोबाने करा आणि दुसरी तासांच्या. आपल्याकडेही एप्रिल १९८२ मध्ये अवकाशात गेलेला इन्सॅट-१ए त्याच सप्टेंबरमध्ये इंधन संपल्यामुळे सोडून द्यावा लागला होता.

संथ बिघाडाच्या यादीतलं पहिलं काम म्हणजे ऑपरेटरला विचारायचे प्रश्न लिहून ठेवणं. किती इंधन उरलं हा प्रश्न अपुरा आहे. टाकीत काटा नसतो. थ्रस्टर किती वेळा आणि किती वेळ चालले याची बेरीज, टाकीचा दाब आणि तापमान यांवरून अंदाज काढतात. त्यामुळे उत्तरात अधिक-उणे किती महिने धरले आहेत, ते विचारा. बिघाड एका थ्रस्टरचा आहे की थ्रस्टरांच्या अख्ख्या संचाचा, राखीव संच वापरात आला का, आणि शेवटी उपग्रहाला साधारण ३०० किमी वर नेऊन सोडण्यासाठीचं इंधन बाजूला ठेवलं आहे का, हेही विचारा. ते इंधन नेहमीच्या वापराच्या तीनेक महिन्यांएवढं असतं, आणि तुम्हाला सांगितलेल्या मुदतीतून ते वजा झालं आहे की नाही हे उत्तर लेखी घ्या.

मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: उत्तर-दक्षिण नियंत्रण कधी सोडणार? हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढची तयारी होत नाही. ३५,७८६ किमीवरचा उपग्रह आपल्याला स्थिर दिसतो, पण सूर्य आणि चंद्र त्याची कक्षा सतत कलती करत असतात, वर्षाला पाऊण ते जवळजवळ एक अंश. ते सरळ करायला वर्षाला सेकंदाला ५० मीटरच्या आसपास वेगबदल लागतो. पूर्व-पश्चिम जागा धरून ठेवायला मात्र दोनेक मीटर पुरतात. म्हणजे जवळजवळ सगळं इंधन उत्तर-दक्षिण नियंत्रण खातं. ते सोडून दिलं की उरलेलं थोडंसं इंधन कितीतरी वर्षं पुरतं. पूर्व-पश्चिम मात्र सोडता येत नाही, कारण शेजारी दुसऱ्यांचे उपग्रह उभे असतात. सोडलेला उपग्रह तुमच्या डिशला रोज इंग्रजी आठाच्या आकारात वरखाली हलताना दिसतो. सेवा संपलेली नसते, फक्त तिचा सांभाळ आता जमिनीवरून करायचा असतो. (पृथ्वी नेमकी गोल नसल्याने ७५ अंश पूर्वेजवळ खळग्यासारखी स्थिर जागा आहे, आणि आपल्या बाजूच्या आकाशात नियंत्रण सुटलेले उपग्रह तिच्याभोवती हेलकावे खातात. सोलापूरच्या जवळजवळ डोक्यावरच्या रेखांशाची ही गोष्ट मला नेहमी थक्क करते.)

या सांभाळासाठी कोणती डिश आधी अडचणीत येईल याचा तक्ता करून ठेवा. उत्तर अंदाजाच्या उलट येतं. हबची ७.२ मीटरची मोठी डिश केयू बँडच्या (व्हीसॅटच्या नेहमीच्या फ्रिक्वेन्सींच्या) अपलिंकला सगळा मिळून ०.२ अंश एवढाच पट्टा पाहते, म्हणून ती काही आठवड्यांतच हात टेकते. शाखेवरची १.२ मीटरची डिश सव्वा अंश पाहते, त्यामुळे कलतेपण अर्ध्या अंशापर्यंत ती तग धरते. हबच्या अँटेनाला ट्रॅकिंग (हलत्या उपग्रहामागे डिश फिरवणारी सोय) आहे का, असेल तर मोटर शेवटची कधी फिरवली, ऑपरेटरकडून दर आठवड्याला येणारी कक्षेची आकडेवारी कंट्रोलरमध्ये कोण भरणार, हे आजच ठरवा. आमच्याकडे एकदा ट्रॅकिंग युनिट होतं, पण एलिव्हेशनचा (डिश वर-खाली करणारा) जॅक दोन पावसाळे न हलल्याने अडकून बसला होता. ग्रीस आणि महिन्याला एकदा दोन्ही टोकांपर्यंत फिरवणं, एवढंच करायचं होतं. उपग्रह हलायला लागला की अंतर बदलतं आणि टीडीएमए हबचा (जिथे सगळ्या डिश आळीपाळीने ठरलेल्या क्षणी सिग्नल पाठवतात) टाइमिंगचा हिशोबही बदलतो. तुमच्या हबचं सॉफ्टवेअर किती फरक सोसतं ते व्हेंडरकडून लेखी आणून ठेवा.

ऑपरेटर सांगेल तेव्हा सांगेल, तुम्ही स्वतः बीकनची (उपग्रह सतत पाठवत असलेल्या खुणेच्या सिग्नलची) पातळी दर मिनिटाला नोंदवत राहा. आलेख सपाट असतो तोवर चिंता नाही. एक दिवस त्यात दोन हलके खड्डे दिसतात, एकमेकांपासून बारा तासांवर. दुसऱ्या दिवशी तेच खड्डे चार मिनिटं आधी येतात, तिसऱ्या दिवशी आठ मिनिटं. ही कक्षा कलायला लागल्याची खूण. पावसाने पडलेला खड्डा असं घड्याळ पाळत नाही, आणि डिश सैल झाली असती तरी असं झालं नसतं. हे मी स्क्रीनवर पहिल्यांदा ओळखलं तेव्हा ऑपरेटरचा मेल यायला अजून आठवडा होता.

आता दुसरी यादी, तासांची. तिची सुरुवात करारापासून होते. तुमचा ट्रान्सपॉन्डर (उपग्रहावरचा तुम्ही भाड्याने घेतलेला सिग्नलचा मार्ग) कोणत्या वर्गातला आहे? दुसऱ्याच्या गरजेसाठी तो काढून घेता येतो, की काढता येत नाही, की बिघडल्यास पर्यायी जागा देण्याची हमी आहे? हमी असेल तर त्याच उपग्रहावर की दुसऱ्या, आणि दुसऱ्या असेल तर कोणत्या अंशावर? स्वस्त दरात काढून घेता येणारा वर्ग घेतलेले लोक अडचणीच्या दिवशी रांगेच्या शेवटी उभे राहतात, आणि तेव्हा भांडून उपयोग नसतो. पर्यायी उपग्रह ठरला की त्याच्यासाठीचे अर्ज भरून, लिंक बजेट (सिग्नल पुरेल का याचा हिशोब) जोडून फाइल तयार ठेवा: इन-स्पेस (अंतराळ क्षेत्राला परवानग्या देणारी केंद्राची संस्था), डब्ल्यूपीसी (दूरसंचार विभागाची फ्रिक्वेन्सी परवाने देणारी शाखा), आणि चॅनेल असेल तर माहिती व प्रसारण मंत्रालय. परवानगीशिवाय एक वॅटही वर पाठवता येत नाही.

वर जागा मिळेल, परवानगी मिळेल. वेळ लागतो तो गच्चीवर. ऑक्टोबर १९९७ मध्ये इन्सॅट-२डी निकामी झाला (तो बिघाड विजेचा होता, पण धडा तोच), तेव्हा इस्रोने अरबसॅटचा उपग्रह विकत घेऊन पुढच्या दोनेक महिन्यांत गरज भागवली. पण मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्हीसॅटवरचे व्यवहार थांबले आणि देशभरातल्या दलालांच्या डिश वळवाव्या लागल्या.

वळवणं म्हणजे काय ते पुण्याच्या एका डिशवर पाहा. ६० अंशावरून ८३ अंशावरच्या उपग्रहाकडे जायचं. २३ अंशांचा फरक, पण पुण्याहून पहिल्याचा अझिमथ (उत्तरेपासून मोजलेली दिशा) २१८ च्या आसपास येतो आणि दुसऱ्याचा १५३. म्हणजे डिश जमिनीला समांतर ६५ अंश फिरवायची. एलिव्हेशन ६३ वरून ६६, ते किरकोळ. फीड (डिशसमोरचा सिग्नल सोडणारा-घेणारा भाग) मात्र ६० अंशांहून जास्त वळवायचा, नाहीतर क्रॉसपोल चाचणीत (आपला सिग्नल दुसऱ्या ध्रुवीकरणात सांडत नाही ना, हे पाहणाऱ्या) नापास. एवढी फिरली की डिशची कड कठड्याला अडते का? आयएफएल केबल (डिशपासून आतल्या मोडेमपर्यंतची) पुरते का? त्या बाजूला पाण्याची टाकी उभी आहे का? प्रत्येक जागेसाठी हे आकडे काढून, मोबाइलवर चारही दिशांचे फोटो काढून ठेवा. मास्टवर (डिशच्या खांबावर) ऑइल पेंटने दुसऱ्या उपग्रहाची खूण आजच करून ठेवलीत तर त्या दिवशी अर्धा तास वाचतो. क्लँपच्या बोल्टना दर पावसाळ्याआधी ग्रीस लावा. मी गंजलेला बोल्ट पान्याने तुटताना पाहिला आहे, आणि तसा बोल्ट तालुक्याच्या दुकानात मिळाला नाही.

गच्चीची किल्ली कोणाकडे असते तेही लिहून ठेवा. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका शाखेत आमचा तंत्रज्ञ सकाळी नऊला पोचला. घरमालक आषाढीला पंढरपूरला गेलेले, किल्ली त्यांच्याबरोबर. खाली पेन्शनसाठी म्हाताऱ्या बायका बसलेल्या होत्या. दुपारी दोनला घरमालकांच्या मेहुण्याकडे दुसरी किल्ली सापडली आणि लिंक चारला वर आली. त्यातल्या काही जणी घरी परत गेल्या होत्या, त्यांना एसटीचं भाडं पुन्हा पडलं. तेव्हापासून आमच्या तक्त्यात किल्लीचा रकाना आहे, दोन नावं आणि दोन नंबरांसह.

माणसांचा हिशोबही आधी करा. ग्रामीण भागात एक जोडी दिवसाला दोन ठिकाणं करते, फार तर तीन. ६०० ठिकाणं आणि दहा जोड्या असतील तर महिना गेला. म्हणून क्रम आज ठरवा: ज्या गावात मोबाइल डेटा किंवा फायबर नाही ते आधी, दवाखाना आणि पेन्शन जिथे आहे ते त्याहून आधी. जिल्हा शहरातल्या शाखांना फोर-जी राउटर द्या आणि महिन्यातून एकदा मुद्दाम त्याच्यावर चालवून पाहा.

दुरुस्ती-यान येऊन उपग्रह वाचवेल या भरवशावर राहू नका. ते शक्य आहे हे खरं: फेब्रुवारी २०२० मध्ये एमईव्ही-१ हे यान इंटेलसॅट ९०१ च्या इंजिनाच्या नळकांड्यात शिरून त्याला जोडलं गेलं आणि २००१ साली अवकाशात गेलेला तो उपग्रह एप्रिलमध्ये पुन्हा कामाला लागला. पण त्या यानासाठी उपग्रह शांत आणि धड हवा, आणि करार वर्षांआधी झालेला हवा.

शेवटी उपग्रह बदलायच्या दिवसाचं एक पान करा आणि हबच्या भिंतीवर लावा. सिग्नल पडतोय म्हणून कोणीही अपलिंकची पॉवर वाढवायची नाही. चुकलेल्या डिशने वाढवलेली पॉवर शेजारच्या उपग्रहावर जाते. नव्या उपग्रहावर आधी नुसता रिसीव्ह लॉक (उपग्रहाचा सिग्नल पकडणं), मग क्रॉसपोल चाचणी, मगच ट्रान्समिट. जुन्या उपग्रहावरचा प्रत्येक कॅरियर (आपण पाठवत असलेला सिग्नल) बंद झाल्याची वेळ वहीत लिहायची, बंद करणाऱ्याची सही घ्यायची, आणि ऑपरेटरच्या नियंत्रण कक्षाला फोन करून त्यांच्या स्क्रीनवर तो दिसत नाही असं त्यांच्या तोंडून ऐकायचं.