वाडीच्या ठरावात युनोचा कागद कुठे लावायचा

आमच्या वाडीच्या वनहक्क समितीचं, म्हणजे वनजमिनीवरच्या हक्काचे दावे तयार करणाऱ्या समितीचं, रजिस्टर माझ्या घरी पत्र्याच्या पेटीत असतं, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून. कौलं गळतात म्हणून दोन. वाडीत बारावी झालेली मी पहिली, त्यामुळे सचिवपद माझ्याच गळ्यात पडलं. रोहा-मुरूड पट्ट्यातल्या कातकरीवाड्यांतून अलीकडे एकच प्रश्न फिरून फिरून येतो: "ताई, युनोने आदिवासींना स्वयंनिर्णयाचा हक्क दिलाय म्हणतात. तो कागद दाव्याला जोडला तर काम होईल का?"

जोडा. पण आम्ही जोडला तसा नको. आम्ही युनोच्या जाहीरनाम्याची अख्खी प्रिंट काढून वर लावली आणि तिच्याखाली दाव्याचा अर्धवट भरलेला नमुना, म्हणजे फॉर्म. ऑफिसातल्या बाबूंनी दोन पानं उलटली आणि विचारलं, "दावा इथे टाकायचाय की न्यूयॉर्कला?" सगळे हसले. राग आला, पण रात्री घरी येऊन नमुना पुन्हा वाचला तर पुराव्याचा रकाना कोराच होता. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली: आधी आपल्या कायद्याचं कलम, त्याच्या शेजारी युनोचा अनुच्छेद. जोडीनेच लिहायचं, एकटा अनुच्छेद कुठेही सोडायचा नाही.

त्यासाठी कागद ओळखता आले पाहिजेत. युनोचा आदिवासी हक्कांचा जाहीरनामा १३ सप्टेंबर २००७ चा. १४४ देश बाजूने, ४ विरोधात, ११ तटस्थ. भारताने बाजूने मत दिलं, पण सोबत सांगून ठेवलं की स्वातंत्र्यानंतर आमच्याकडची सगळीच जनता मूळनिवासी आहे. म्हणून ठरावात नुसतं 'आम्ही मूळनिवासी' लिहिलंत तर समोरचा तिथेच वाद घालणार. 'अनुसूचित जमाती' लिहा, आणि कातकरी असाल तर 'आदिम जमात' हेही लिहा, म्हणजे सरकारच्या यादीतली सगळ्यात दुर्बळ जमात. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीनच जमाती त्या यादीत आहेत.

जाहीरनाम्याचा अनुच्छेद ३ स्वयंनिर्णयाचा. ९ ऑगस्टला, आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत तो माइकवर वाचला की टाळ्या पडतात. पण ४ आणि ४६ कोणी वाचत नाही. ४ सांगतो की हा हक्क म्हणजे आपल्या अंतर्गत आणि स्थानिक बाबींत स्वतःचा कारभार. ४६ सांगतो की यातून देश तोडायला मुभा नाही. साहेबांसमोर ३ काढलात तर ४ आणि ४६ सोबत ठेवा, 'फुटीरपणा' हा शब्द त्यांच्या तोंडून यायच्या आत. शिवाय १९७९ साली नागरी-राजकीय हक्कांच्या करारात सामील होताना भारताने लेखी खुलासा केलाय की स्वयंनिर्णय फक्त परकी राजवटीखालच्या लोकांपुरता. हे माहीत असलेलं बरं, कोणी तोंडावर फेकलं तर धक्का बसत नाही.

जाहीरनामा करारासारखा बंधनकारक नाही. बंधनकारक आहे तो आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार क्रमांक १०७, १९५७ चा. भारताने तो १९५८ साली मान्य केला. त्याचा सूर जुना, आदिवासींना इतरांत मिसळून टाका असा. पण त्याचा अनुच्छेद ११ परंपरेने वहिवाटलेल्या जमिनीवरची मालकी मान्य करतो, एकट्याची असो की सामूहिक. नवा करार १६९ पुष्कळ चांगला आहे, पण भारताने त्यावर सही केलेली नाही. तेव्हा तो ठरावात घालू नका, एका वाक्याने सगळा कागद हलका होतो.

आता कामाचं. 'पेसा', म्हणजे अनुसूचित (जाहीर आदिवासी) क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, आमच्याकडे लागू नाही. कोकणात अनुसूचित क्षेत्र आहे ते पालघर-ठाण्याकडे: डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, शहापूर वगैरे. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्यात नाहीत. वाडीत येऊन पेसावर तासभर भाषण ठोकणारे मी दोन पाहिलेत, दोघांनाही चहा पाजला. आपल्या कामाचा आहे तो २००६ चा वनहक्क कायदा, आणि तो अभयारण्यातही लागू आहे, म्हणजे फणसाडच्या कडेच्या वाड्यांनाही. मात्र घराखालची जागा कुणा खोताच्या वारसाची खाजगी मालकीची असेल तर हा कायदा तिथे चालत नाही. त्या वाड्यांचं दुखणं वेगळं, त्याला कूळकायदा आणि गावठाणाची वाट आहे. वाडीचा सातबारा आधी काढून बघा, नाहीतर वर्ष फुकट जाईल.

ग्रामसभा कुणाची, हा स्वयंनिर्णयाचा खरा प्रश्न. गट ग्रामपंचायतीच्या सभेत गाववाले तीनशे आणि आपण चाळीस, तिथे आपला ठराव कसा व्हायचा? कायद्यातल्या 'गाव' या शब्दात जुन्या वस्त्या आणि मोजणी न झालेली गावंही येतात, नोंद असो वा नसो. केंद्राच्या २०१२ च्या सूचनांतही पंचायतीच्या पातळीवर सभा घेतल्याने लहान वस्त्या सुटतात हे कबूल केलंय. त्याचा हवाला देऊन वाडीची वेगळी सभा लेखी मागा. वनहक्क समिती १० ते १५ जणांची, त्यात निदान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे, एक तृतीयांश बाया.

तारीख जपून निवडा. सभेला निम्मे सभासद हवेत, हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया, आणि दाव्यांचा ठराव असेल तर निम्मे दावेदार. २६ जानेवारीची सभा ठेवलीत तर अर्धी वाडी वीटभट्टीवर असते. आमच्या दोन सभा अशाच गेल्या. कोरम नाही म्हणून रजिस्टरात दोन रेघा मारल्या आणि उठलो. आता आम्ही गौरी-गणपतीनंतर, भात कापायच्या आधी बसतो.

पुराव्यावर सगळ्यात जास्त वेळ घाला. निदान दोन पुरावे लागतात. कब्जा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा असला की अनुसूचित जमातीला पुरतं. तीन पिढ्यांची, ७५ वर्षांची अट बिगरआदिवासी वनवासीयांना आहे. ती आपल्याकडे कोणी मागितली तर कलम दाखवा. रायगडात दळीचा कागद सापडला तर सोनं. इंग्रजांच्या काळात उतारावर नाचणी-वरी पिकवायला दिलेली ती जमीन, तिच्या जुन्या पावत्या कुणाकुणाच्या घरी अजून निघतात. नसेल तर बांध, विहीर, जुनं जोतं, वंशावळ, आणि वडीलधाऱ्यांचा जबाब. जबाब दावेदाराचा स्वतःचा चालत नाही. इथेही आम्ही चुकलो होतो. आजीच्या दाव्याला आजीचाच जबाब लावला होता.

दुसऱ्या वेळी शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्या काकांना आजीच्या दळीवर नेलं. मी मोबाइलवर जीपीएस चालू करून कडेकडेने चालत होते आणि ते काठीने दाखवत होते. हा दगड बांधाचा. इथे तुझ्या आजेसासऱ्याची खळी होती. हे रायवळ आंब्याचं खोड, वीज पडली त्या सालापासून असंच अर्धं. त्या खोडाशी ते थांबले आणि म्हणाले, "याच्या खाली आमचं माणूस पुरलेलं आहे, ते पण लिही." लिहिलं, जसंच्या तसं, आणि दगडाचा फोटो काढला. सामूहिक दाव्यात दफनाच्या जागा आणि देवाच्या जागा पुरावा म्हणून धरतात. शेवळं ही रानभाजी कुठे उगवते, मुठे (खेकडे) कुठल्या ओढ्यात मिळतात, हेही बायांना विचारून नकाशावर मांडा. गौण वनउपज आणि पाण्यातली मासळी हे कलम ३ मधले हक्क आहेत. नकाशा काढायला पुरुष बसले तर नुसती लाकडाची झाडं मांडतात. स्थळपाहणीची लेखी सूचना वनखात्याला द्या, आणि कोणी आलं नाही तर पंचनाम्यात तसं नोंदवा. उपग्रहाचा फोटो पूरक पुरावा आहे. त्यात शेत दिसत नाही एवढ्यावर बाकीचे पुरावे बाजूला सारता येत नाहीत.

नमुना अ वैयक्तिक, ब सामूहिक हक्कांचा, क सामूहिक वनसंपत्तीचा. वैयक्तिकला ४ हेक्टरची मर्यादा, आणि नवरा-बायको दोघांची नावं. बायकोचं नाव 'नंतर घालू' म्हणणाऱ्याचा फॉर्म मी परत करते.

मग ठराव. आमच्यातला मधला भाग असा आहे:

"ही ग्रामसभा असे ठरविते की, वनहक्क कायद्याच्या कलम ३ नुसार, तसेच भारताने १९५८ साली मान्य केलेल्या करार १०७ च्या अनुच्छेद ११ नुसार व युनोच्या २००७ च्या जाहीरनाम्याच्या अनुच्छेद २६ नुसार सोबतच्या नकाशातील वन ही या वाडीची परंपरागत वनसंपत्ती आहे. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कलम ४(५) नुसार कोणासही हटविता येणार नाही. या ग्रामसभेच्या लेखी, मुक्त व माहितीपूर्ण संमतीशिवाय पुनर्वसन होणार नाही. आधार कलम ४(२) व जाहीरनाम्याचा अनुच्छेद १०."

मुक्त आणि माहितीपूर्ण संमती हे शब्द आपल्या कलम ४(२) मध्ये आहेत, अभयारण्याच्या संदर्भात, हे कळलं तेव्हा मी ते पान दोनदा वाचलं. देवस्थान असेल तर नियामगिरी डोंगरावरच्या खाणीबाबतचा निकालही घाला: १८ एप्रिल २०१३, सर्वोच्च न्यायालय. डोंगराबाबतच्या धार्मिक हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा असं कोर्टाने सांगितलं आणि ओडिशातल्या १२ च्या १२ ग्रामसभांनी खाणीला नाही म्हटलं. डोंगरिया कोंध आपल्यासारखीच आदिम जमात.

सह्या, अंगठे, सूचक, अनुमोदक, बायांची हजेरी वेगळ्या पानावर. दावा प्रांत ऑफिसात दिलात की शिक्का-तारखेची पोच घेतल्याशिवाय दाराबाहेर येऊ नका. नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. तोंडी 'पुरावा कमी आहे' याला अर्थ नाही. निर्णय कळल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे अपील. फेब्रुवारी २०१९ मध्ये नामंजूर दावेदारांना हटवा असा आदेश सर्वोच्च न्यायालयातून आला होता. तो त्याच महिन्याच्या २८ तारखेला स्थगित झाला, पण आमच्या वाडीत ते दोन आठवडे कोणी नीट झोपलं नव्हतं. आमच्यापैकी कुणाकडेही नामंजुरीचा कागद नव्हता. तोंडीच परत पाठवलं होतं, त्यामुळे आम्ही नामंजूर की प्रलंबित हेच कुणाला सांगता येईना.

आता पोचेची एक झेरॉक्स पेटीत आहे, एक आजीच्या सुनेकडे, आणि फोटो भट्टीवर जाणाऱ्या चौघांच्या मोबाइलमध्ये. दिवाळीनंतर मीही जाते. रजिस्टर यंदा कुणाकडे ठेवायचं ते अजून ठरलेलं नाही, ज्यांचं छप्पर गळत नाही असं घर शोधतेय.