जनावराच्या कलेजी-गुर्द्यात शिसे आणि कॅडमियम: नमुना घेणे व अहवाल वाचणे

जनावराने फुटकी बॅटरी चाटली, कचरा जाळलेल्या जागेची राख खाल्ली किंवा दाराचा जुना रंग कुरतडला, की शंका येते: याचे मांस चालेल का? बहुतेक जण मांसाचाच तुकडा तपासायला पाठवतात, तो चांगला निघतो आणि सगळे निर्धास्त होतात. ही गफलत धोक्याची आहे. शिसे साठते हाडात, यकृतात आणि मूत्रपिंडात. कॅडमियम हा दुसरा विषारी धातू मुख्यतः मूत्रपिंडात आणि यकृतात. मांसात दोन्ही कमीच उतरतात. म्हणून नमुना घ्यायचा तो आधी मूत्रपिंड आणि यकृताचा. मांस त्यांच्या जोडीला.

जनावर जिवंत असेल तर पशुवैद्याकडून रक्त तपासून घ्या. रक्तातले जवळजवळ सगळे शिसे तांबड्या पेशींत असते, त्यामुळे सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारे पाणी) पाठवले तर आकडा फसवा, कमी येतो. हेपारिन किंवा ईडीटीए (रक्त गोठू न देणारी द्रव्ये) घातलेल्या नळीत पूर्ण रक्त घ्या आणि नळी हलक्या हाताने काही वेळा उलटीसुलटी करा. गुरांमध्ये शिसे लिटरला ०.३५ मिलिग्रॅमच्या वर आणि जोडीला आंधळेपणा, दात करकरणे, कानांचे झटके दिसले, तर विषबाधा समजून चाला. त्याच कुरणातली धडधाकट दिसणारी जनावरेही तपासा. लक्षणे नसतानाही शिसे चढलेले असू शकते आणि विक्रीला जातात ती हीच जनावरे. बॅटरीचे तुकडे जाळीपोटात (गुरांच्या पोटाच्या एका कप्प्यात) अडकून महिनोन्‌महिने झिरपत राहतात. म्हणून एका चांगल्या अहवालावर विसंबू नका, काही आठवड्यांच्या अंतराने रक्त पुन्हा तपासा.

कत्तलीनंतर किंवा शवविच्छेदनात नमुना घेताना बाहेरचे शिसे आत जाऊ देऊ नका. आपण मोजतो ते मिलिग्रॅमचे अंश. रंग उडालेल्या बादलीतला, छापील कागदावरचा किंवा धुळीने माखलेल्या टेबलावरचा नमुना निरुपयोगी समजा. स्वच्छ स्टेनलेस स्टीलची सुरी, पावडर नसलेले हातमोजे आणि रंग नसलेले प्लास्टिकचे डबे वापरा. डबे १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर ठेवून शुद्ध पाण्याने खळबळून घेतलेले असावेत. हातमोजे प्रत्येक जनावराला नवे. जनावर गोळी घालून मारले असेल तर जखमेच्या आसपासचे मांस घेऊ नका, शिशाचे बारीक कण दूरवर पसरलेले असतात.

यकृताचा १०० ते २०० ग्रॅमचा तुकडा मोठ्या नसा टाळून घ्या. मूत्रपिंडात मात्र खरी मेख आहे. कॅडमियम आतल्या गाभ्यापेक्षा बाहेरच्या थरात जास्त असते, त्यामुळे नुसती वरची चकती कापली तर आकडा फुगतो आणि नुसता गाभा घेतला तर दबतो. चरबी व वरचे पातळ आवरण काढून मूत्रपिंड अख्खे पाठवा, प्रयोगशाळा ते वाटून एकजीव करेल. चरबी काढलेले २०० ग्रॅम मांस वेगळ्या डब्यात ठेवा. फॉर्मॅलिन घालू नका. लगेच थंड करून उणे २० अंशांवर गोठवा. चिठ्ठीवर वय लिहाच, कारण कॅडमियम बाहेर पडायला वर्षानुवर्षे लागतात आणि म्हाताऱ्या जनावराच्या मूत्रपिंडात ते साहजिकच जास्त सापडते.

अहवाल आला की आधी पाहा: आकडा ओल्या वजनावर आहे की सुक्या? कायदेशीर मर्यादा ओल्या वजनाच्या असतात. यकृतात साधारण ७० टक्के पाणी असते. म्हणजे सुक्या वजनावर किलोला ०.६२ मिलिग्रॅम शिसे आले, तर ओल्यावर ते सुमारे ०.१९ होते. युरोपीय संघात गुरांच्या अवयवांसाठी शिशाची मर्यादा ०.२० आणि मांसासाठी ०.१० आहे, कॅडमियमची मांसात ०.०५०, यकृतात ०.५०, मूत्रपिंडात १.०. ०.१९ इतका काठावरचा आकडा आला तर मोजणीतली अनिश्चितता विचारून फेरतपासणी करा. विषबाधेचे निदान यकृतात किंवा मूत्रपिंडात किलोला १० मिलिग्रॅमच्या आसपास होते, म्हणजे खाण्याच्या मर्यादेच्या ५० पट. जनावर आजारी दिसत नाही एवढ्यावरून कलेजी खाऊ नका.

मर्यादा ओलांडलेला अवयव शिजवून, उकळून सुधारत नाही; धातू नष्ट होत नाही. कुत्र्यामांजरांनाही देऊ नका. आकडा जास्त आला की कुरणात बॅटरी, राखेचे ढीग, वापरलेले इंजिन तेल शोधून हटवा. कॅडमियम वाढलेले असेल तर चारा, खनिज मिश्रण, फॉस्फेट खत आणि सांडपाण्याच्या गाळाने पोसलेल्या जमिनीची माती तपासा.