गणित शिक्षणात परदेशी पीएच.डी. करायचीय? या चुका टाळा

दिवाळी आटोपली की नाशिकमधली एम.एस्सी. झालेली मुलं-मुली आपापले एसओपी (हा विषय का शिकायचाय ते सांगणारं, अर्जासोबतचं निवेदन) घेऊन माझ्याकडे येतात. अमेरिकेत मॅथेमॅटिक्स एज्युकेशनमध्ये पीएच.डी. करायची असते. बहुतेक विद्यापीठांची मुदत डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत संपते आणि यांच्या हातात आदल्या रात्री खरडलेला कागद असतो. पहिलं वाक्य ठरलेलं, ‘मला लहानपणापासून गणिताची आवड आहे.’ मग बोर्डाचे मार्क, मग रामानुजन. वाचणाऱ्या प्राध्यापकाला यातून काहीही कळत नाही.

आवडीवर एसओपी लिहिणं

आवड हवीच. पण इथे अभ्यास गणिताचा नसतो, गणित शिकणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं त्याचा असतो. हा फरक समजायला नाशिककराला लांब जायला नको. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा ६१७४ घ्या. कोणतीही चार अंकी संख्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा, आलेल्या उत्तराला पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो.

आता हे सहावी-सातवीच्या वर्गात १००० घेऊन करायला द्या. १००० वजा ०००१, उत्तर ९९९. पुढच्या पायरीला मूल ९९९ मधून ९९९ वजा करतं आणि हात वर करतं, ‘बाई, माझं शून्य आलं. नियम चुकीचा आहे.’ त्याने ०९९९ लिहिलं असतं तर ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, मग ८५३२ आणि पाचव्या पायरीला ६१७४.

६१७४च का येतो, हा गणिताचा प्रश्न. त्या मुलाने पुढचं शून्य का टाकलं, हा गणित शिक्षणाचा. डावीकडच्या शून्याला किंमत नसते, हे त्याला आपणच शिकवलेलं आहे. शिकवलेला नियम त्याने मन लावून पाळला आणि अडकला. एसओपी अशा एका वहीपासून सुरू करा. १९७३ साली स्टॅनली एर्लवांगर यांनी बेनी नावाच्या सहावीतल्या एका मुलाशी बोलून लेख लिहिला. बेनीची वर्गात प्रगती उत्तम होती आणि तो ०.३ अधिक ०.४ बरोबर ०.०७ लिहीत होता. एका मुलाचं म्हणणं नीट ऐकून घेतलेला हा लेख आजही संशोधक वाचतात. अर्ज करण्याआधी तुम्हीही वाचा.

शाळेत न शिकवताच निघणं

‘मॅडम, कॉलेज रोडच्या क्लासमध्ये जेईईच्या बॅचेस घेतल्यात.’ घेतल्या असतील, पण तिथे निवडून आलेली मुलं असतात आणि त्यांना उत्तर लवकर हवं असतं. पुढे असिस्टंट प्रोफेसरच्या जाहिराती बघाल तेव्हा शालेय अध्यापनाचा अनुभव, बऱ्याचदा तीन वर्षांचा, मागितलेला दिसेल. साहजिक आहे, तुम्ही तिथे भावी शिक्षकांना शिकवणार असता. शाळेत निदान दोन वर्षं काढलेली नसतील तर मी शिफारसपत्र देत नाही. ‘तोवर वय निघून जाईल’ हे कारण मला पटत नाही. या क्षेत्रात तिशीत पीएच.डी. सुरू करणारे कितीतरी असतात.

परवानगीआधी डेटा गोळा करणं

ही चूक सर्वांत महागात पडते. माझ्या ओळखीतली एक मुलगी अमेरिकेतल्या पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत घरी आली. जूनच्या मध्यात शाळा उघडल्या. सिन्नर तालुक्यातली तिची जुनी जिल्हा परिषदेची शाळा, मुख्याध्यापक ओळखीचे. ‘कर की गं, आपलीच शाळा आहे.’ तिने पाचवीतल्या मुलांशी अपूर्णांकांवर बोलून रेकॉर्डिंग केलं. काम सुरेख होतं. एक मुलगा सांगत होता, अर्ध्यापेक्षा पाव मोठा, कारण दोनापेक्षा चार मोठे. आणि तोच मुलगा भाकरीचा पाव तुकडा अर्ध्यापेक्षा लहान आहे हे हाताने दाखवत होता. ऑगस्टमध्ये ती परतली. गाइडने पहिला प्रश्न विचारला, आयआरबीची (माणसांवरचं संशोधन तपासणाऱ्या विद्यापीठाच्या मंडळाची) मंजुरी कुठे आहे? मंजुरी नव्हती, आणि ती मागाहून मिळत नाही. त्या रेकॉर्डिंगमधलं एक वाक्यही प्रबंधात घेता आलं नाही. पुढच्या जूनपर्यंत थांबावं लागलं आणि स्टायपेंडचं गणित कोलमडलं.

मुलांवरच्या संशोधनाला विद्यापीठाच्या या मंडळाची मंजुरी आधी लागते, मग ती मुलं सिन्नरची का असेनात. जूनमध्ये शाळेत जायचं असेल तर जानेवारीतच कागदपत्रं सुरू करा: संशोधन-नीतीच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, शाळेचं पत्र, पालकांचं मराठी संमतीपत्र आणि मुलाचा स्वतःचा होकार. संमतीपत्र मी शाळेच्या गेटवर एखाद्या आईला मोठ्याने वाचायला लावते. जिथे ती अडखळते ते वाक्य बदलायचं.

थोडक्यात बाकीच्या

एकच मेल चाळीस प्राध्यापकांना पाठवू नका. एकाचा लेख वाचा आणि त्यावर प्रश्न विचारा.

असिस्टंटशिप (विद्यापीठात शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबदली मिळणारी आर्थिक मदत) नसेल तर पीएच.डी.ला जाऊ नका. द्राक्षबाग गहाण ठेवून करायचं हे शिक्षण नाही. ऑफर आली आणि लगेच होकार द्या म्हणून दबाव आला तर घाबरू नका. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी आर्थिक मदतीच्या ऑफरला उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंत मुदत मान्य केलेली आहे.

टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण गुणांवर खूश होऊ नका. टीए (शिकवण्यातला सहाय्यक) म्हणून वर्गात उभं करण्याआधी बोलण्याचे गुण वेगळे बघतात.

आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) वरचा सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाच्या विषयाचा क्रमांक, बघा. २७ ने सुरू होणारे गणिताचे कोड स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आहेत, १३ ने सुरू होणारे शिक्षणशास्त्राचे बहुतेक नाहीत. ओपीटीचे (शिक्षणानंतर अमेरिकेत काम करायच्या परवानगीचे) पहिले १२ महिने दोघांनाही मिळू शकतात, पुढचे २४ फक्त स्टेमला. अभ्यासक्रम गणित विभागात आहे की शिक्षण विभागात, हे यासाठीही आधी विचारायचं.

मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही या विषयात पीएच.डी. होते. तिथलं संशोधन न वाचता ‘भारतात यावर काम नाही’ असं अर्जात लिहू नका.

आणि परत यायचा विचार असेल तर बी.एड., एम.एड.चा प्रश्न निघण्याआधी सोडवा. बी.एड. कॉलेजात नोकरीला एम.एड. विचारतात आणि गणित विभाग म्हणतो, तुमची पीएच.डी. गणितातली नाही. दोन्हीकडच्या चालू जाहिराती काढून पात्रतेचा रकाना आत्ताच वाचा.