आरसी गाडीत वेगळा बीईसी लावायचाय? आधी ती लाल वायर काढा

मागच्या महिन्यात कोल्हापूरजवळच्या मसाई पठारावर क्रॉलर, म्हणजे दगडांवर चढणारी आरसी (रिमोट कंट्रोलची) गाडी, घेऊन गेलो होतो. जांभ्याच्या एका खाचेत पुढचं चाक अडकलं, मी स्टिअरिंग फुल ओढून धरलं आणि गाडी जागच्या जागी मेली. रिसिव्हरचा (रिमोटचा सिग्नल पकडणारी डबी) दिवा लुकलुकला, दोन सेकंदानं परत जिवंत, परत ओढलं की परत तेच. मला वाटलं रेंज जातीय, म्हणून अँटेना इकडं तिकडं करण्यात अख्खी सकाळ घालवली. घरी येऊन मल्टीमीटर लावला तेव्हा कळलं की रेडिओ एकदम ठणठणीत होता, रिसिव्हरला करंटच पुरत नव्हता.

भावांनो, हे असं होतं कारण ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आत जो छोटा बीईसी (बॅटरीचं व्होल्टेज कमी करून देणारा रेग्युलेटर) असतो तोच रिसिव्हर आणि सर्व्हो (स्टिअरिंग फिरवणारी मोटर) दोघांनाही पोसतो. स्वस्तातल्या ईएससीत तो २-३ अँपचा असतो, आणि मोठा मेटल गिअरचा सर्व्हो दगडाला अडकला की एकटाच तेवढं मागतो. मग व्होल्टेज कोसळतं आणि रिसिव्हर रिसेट होतो. जुना लिनिअर टाईपचा बीईसी असेल तर आणखी वाईट, कारण तो उरलेलं व्होल्टेज नुसतं उष्णतेत जाळतो. ३एस (तीन सेलची) लिपो बॅटरी फुल चार्ज म्हणजे १२.६ व्होल्ट, त्यातून ६ काढायचे आणि २ अँप द्यायचे म्हटलं तर १३ वॅट नुसती उष्णता झाली की! बाहेरून लावायचे बीईसी बहुतेक स्विचिंग टाईपचे असतात, ते एवढे तापत नाहीत.

खात्री करायची असेल तर रिसिव्हरच्या रिकाम्या चॅनलच्या प्लस-मायनस पिनांना मल्टीमीटर लावा, चाक जाड पुस्तकानं दाबून धरा आणि एक-दोन सेकंदच स्टिअरिंग ओढा. ५-६ व्होल्टवरून आकडा ४ च्या खाली गेला तर दुखणं हेच.

खरेदीत दोनच गोष्टी बघा, सर्व्होच्या स्टॉल करंटपेक्षा (अडकून थांबल्यावर तो जेवढा करंट ओढतो त्यापेक्षा) बीईसीचे अँप जास्त पाहिजेत, आणि आउटपुट व्होल्टेज सर्व्हो आणि रिसिव्हर दोघांनाही झेपलं पाहिजे. ६ व्होल्टच्या सर्व्होला ७.४ दिले तर तो जळू शकतो.

आता वायरिंग. बॅटरी काढून बाजूला ठेवा, हे पहिलं. बीईसीच्या इनपुटच्या दोन वायरी ईएससीच्या बॅटरी कनेक्टरवर सोल्डर करायच्या, लाल लालवर, काळी काळीवर. हीट श्रिंक (तापवलं की आवळणारी प्लास्टिकची नळी) सोल्डरच्या आधी वायरीत घाला, नंतर आठवलं तर सगळं परत उकलावं लागतं. कनेक्टर एक्सटी-६० प्रकारचा असेल तर त्याच्या जोडीचा दुसरा सुटा कनेक्टर समोरून घालून ठेवा, म्हणजे प्लास्टिक वितळलं तरी पिना वाकड्या होत नाहीत. २५ वॅटच्या गननं ती जाड वायर तापतच नाही, उद्यमनगरात कुणी ओळखीचं असेल तर ६० वॅटची मागून आणा. सोल्डर झाल्यावर लगेच रिसिव्हरला जोडू नका, बॅटरी लावून आउटपुट मोजा, ६ म्हणजे ६ च आलं पाहिजे, मग बॅटरी परत काढा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ईएससीचा जो तीन वायरींचा प्लग रिसिव्हरला जातो त्यातली मधली लाल वायर काढायची. टाचणीनं प्लास्टिकची बारीक पट्टी अलगद उचला, वायर मागं ओढा, पिनसकट सरळ बाहेर येते. कापू नका, उद्या परत लावता येईल. तिच्यावर हीट श्रिंक चढवून मागं दुमडून टेप मारा. काळी आणि सिग्नलची वायर मात्र तशीच राहू द्या, मायनस कॉमन नसला तर सिग्नल चालणारच नाही. लाल ठेवली तर दोन रेग्युलेटर एकाच लाईनवर एकमेकांशी भांडतात आणि त्यातला एक तरी तापून जाऊ शकतो. मग बीईसीचा आउटपुट रिसिव्हरच्या बॅटरी पोर्टला, किंवा रिकाम्या चॅनलला.

एक वेगळी केस आहे. सर्व्हो ७.४ चा, पण रिसिव्हर ६ पर्यंतचाच. तेव्हा सर्व्होची लाल थेट बीईसीच्या लालला जोडा, सर्व्होची काळी बीईसीच्या काळीला आणि रिसिव्हरच्या मायनसलाही, आणि सिग्नल नेहमीसारखा रिसिव्हरला. सर्व्होची लाल रिसिव्हरला जाऊच द्यायची नाही. आणि या केसमध्ये ईएससीची लाल काढायची नाही बरं का, कारण रिसिव्हर अजून तिच्यावरच चालतोय!

बीईसी रिसिव्हर आणि अँटेनापासून जमेल तेवढा लांब, डबल टेपनं चिकटवा. फोममध्ये गुंडाळू नका, हवा लागू दे.

आणखी एक, ईएससीचं बटण बंद केलं तरी हा बीईसी चालूच राहतो कारण तो थेट बॅटरीवर आहे. त्यामुळं गाडी ठेवताना बॅटरी काढायचीच. रात्रभर राहिली आणि सेल ३ व्होल्टच्या खाली गेला तर लिपो संपली म्हणून समजा.

पहिल्यांदा चालू करताना चाकं वर उचलून ठेवा, आधी रिमोट मग गाडी, आणि फेलसेफला (सिग्नल तुटल्यावर गाडीनं काय करायचं ती सेटिंग) थ्रॉटल न्यूट्रल सेट झालंय का ते रिमोट बंद करून बघा. तपोवनच्या मैदानावर दहा मिनिटं चालवून बॉडी काढा आणि बीईसीला बोट लावा, कोमट असेल तर चालतंय, बोट ठेवता येईना झालं तर जास्त अँपचा घ्या.