पऱ्हाटी पेटवू नका, कोळसा करा: ड्रमची भट्टी कशी लावायची

कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्या शेतात ठेवायच्या नसतात, गुलाबी बोंडअळी त्यात टिकून राहते, हे खरंच आहे. पण काढायच्या म्हणजे बांधावर ढीग करून पेटवायच्याच असं कुठे आहे? बडोद्यात आपल्यापैकी बऱ्याच जणांची करजण, डभोई, पादरा साइडला कुणाची तरी शेती असतेच, त्यांना सांगा, तुराट्यांनाही हेच लागू.

त्यांचा कोळसा करता येतो, त्या पद्धतीला पायरोलिसिस म्हणतात, म्हणजे हवा लागू न देता तापवणं. ऑक्सिजन नाही म्हणून काडी जळत नाही, तिच्यातून वाफ आणि गॅस निघतो, वाफ थंड केली की बायो-ऑइल, आणि मागे कोळसा.

आधी ऑइलचंच सांगते, कारण सगळ्यांना तेच हवं असतं. ते जास्त मिळवायचं तर माल बारीक दळलेला, ओल १० टक्क्यांच्या आत, तापमान साधारण ५०० डिग्री आणि वाफ २ सेकंदांच्या आत बाहेर काढून थंड करायची, मग वजनाच्या ६०-७५ टक्के ऑइल येतं, पण त्यात १५-३० टक्के पाणी, व्हिनेगरसारखं आंबट, साध्या लोखंडाला खाणारं, ठेवलं की घट्ट होत जाणारं, आणि किलोमागे उष्णता डिझेलच्या निम्म्याहून कमी. डिझेलमध्ये ते मिसळतही नाही, म्हणून पंपाच्या इंजिनात घालायचा विचार सोडा. हे प्लांटचं काम आहे. खरंच रस असेल तर वल्लभ विद्यानगरला सरदार पटेल रिन्यूएबल एनर्जी रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, १९७९ पासूनची, तिथे चौकशी करा.

शेतावर करायचा तो कोळसा. पुण्याच्या आरती संस्थेला उसाच्या पाचटाचा कोळसा करण्यासाठी २००२ साली अॅशडेन हा ब्रिटनचा ऊर्जा पुरस्कार मिळाला, त्यांच्या भट्टीत मालातून निघणारा गॅसच जळण म्हणून वापरला जातो, आपणही तेच करायचं.

भंगारवाल्याकडून २०० लिटरचा लोखंडी ड्रम आणि त्यात मावेल असा ५०-६० लिटरचा घट्ट झाकणाचा ड्रम घ्या. नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीतून आलेले केमिकलचे ड्रम अजिबात नकोत, त्यात काय होतं ते कळत नाही, आणि गॅल्व्हनाइज्ड पण नको, जस्ताचा धूर घातक असतो. छोट्या ड्रमच्या बुडाला ७-८ भोकं पाडा, ही भोकं कधीही बंद करू नका, गॅसला वाट मिळाली नाही तर ड्रम फुटेल. मोठ्या ड्रमला खाली चारी बाजूंनी हवेसाठी भोकं, वर झाकण आणि त्यावर ३-४ फुटांचं धुराडं.

पऱ्हाट्या मात्र कडक वाळलेल्या हव्यात, मोडली की कट्ट आवाज आला पाहिजे, लवली तर अजून उन्हात टाका, ओला माल घेतला तर अर्धं जळण पाणी उडवण्यातच जातं. सारख्या जाडीचे तुकडे छोट्या ड्रममध्ये ठासून भरा, झाकण लावा, मोठ्या ड्रममध्ये विटांवर ठेवा, भोवतीच्या फटीत काटक्या भरून पेटवा.

आता धुराकडे बघत बसायचं. सुरुवातीला दाट पांढरा, ती नुसती पाण्याची वाफ. मग पिवळट होतो, आणि थोड्या वेळाने बुडाच्या भोकांतून गॅस पेट घेतो, घुर्र असा आवाज येतो, तिथून पुढे काटक्या घालायची गरज जवळजवळ पडत नाही. धूर नुसताच सुटत असेल आणि पेटत नसेल तर जाळ वाढवा, तो न जळलेला गॅस विषारी असतो, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहा, म्हणजे धूर अंगावर येणार नाही. भोकांतली ज्योत विझली की झालं. मोठ्या ड्रमची खालची हवेची भोकं चिखलाने लिंपा, धुराडं काढून तिथलं भोकही झाका आणि रात्रभर हात लावू नका, गरम कोळशाला हवा लागली की तो भसकन पेटतो. सकाळीसुद्धा पाण्याची बादली जवळ ठेवूनच उघडा.

१० किलो वाळल्या मालाचा अडीच-तीन किलो कोळसा धरा. चांगला असेल तर खणखण वाजतो, तपकिरी तुकडे निघाले तर पुढच्या घाण्यात टाका. पऱ्हाटीचा कोळसा ठिसूळ, त्याचा चुरा फार होतो, तर १० किलो चुऱ्याला अर्धा-एक किलो मैद्याची खळ घालून मुटके वळा आणि खडखडीत वाळवा. शेगडी अंगणात नाहीतर गच्चीवर पेटवायची, थंडीत ऊब म्हणून बंद खोलीत तर मुळीच नाही, कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला काही कळत नाही.