बाभळीसाठी मध्यम चेनसॉ निवडताना

बांधावरची जुनी बाभूळ किंवा वाळलेली मोसंबीची बाग तोडण्याचे काम ज्यांना वर्षभर असते, त्यांनी 50 ते 60 सीसीचे, सुमारे 3 किलोवॉट शक्तीचे यंत्र घ्यावे. विक्रेते बहुधा लांब बारचा, म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीचा, आग्रह धरतात; परंतु 16 ते 18 इंचांचा बार बहुतेक खोडांना पुरतो, आणि तेवढ्याच इंजिनावर बार लांबवला की वाळल्या बाभळीत साखळी रेंगाळते आणि यंत्र पुढच्या बाजूला जड होते.

दुकानात यंत्र बंद असताना ते फांदी तोडण्याच्या पवित्र्यात दोन मिनिटे धरून पाहावे, कारण कागदावरचे पाच किलो वजन पेट्रोल, तेल, बार आणि साखळी वगळून सांगितलेले असते. डाव्या मनगटाच्या मागच्या बाजूने पुढच्या मुठीसमोरची ढाल पुढे ढकलावी; तिनेच साखळीचा ब्रेक लागतो. ब्रेक खटकन बसला पाहिजे आणि त्यानंतर हातमोजा घालून ओढूनही साखळी जागची हलता कामा नये. कंपनरोधक स्प्रिंगा हव्यातच.

मराठवाड्यातील उन्हाळ्यात फुफाट्याने एअर फिल्टर लवकर भरतो, त्यामुळे तो अवजाराविना उघडणारा असावा. साखळी, फिल्टर आणि दुरुस्ती जालना, लातूर किंवा नांदेडसारख्या जवळच्या शहरात मिळते का, याची चौकशी पैसे देण्यापूर्वीच करावी. माझे एक यंत्र केवळ क्लचच्या सुट्या भागासाठी ऐन हंगामात महिनाभर पडून होते. इंधनात तेलाचे प्रमाण माहितीपुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. 50:1 सांगितले असल्यास लिटरला 20 मिलिलिटर.